पुस्तकातलं भूत पडद्यावर आलं की लहान का होतं?

संगमघाट (हरिपूर, सांगली) · रविवार, रात्री १०:४०

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकतो.

आमचं घर हरिपूरचं. परड्यात हळदीचं पेव होतं. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेलं कोठार. तोंड अरुंद, एक माणूस कसाबसा उतरेल एवढंच, आणि खाली पोट मोठं. हळद भरली की तोंड लिंपून टाकायचं. आत हवा नाही म्हणून कीड लागत नाही, आणि आत हवा नाही म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच कुणी उतरायचं नाही. आजोबा तोंड मोकळं करून ठेवायचे आणि मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे. कंदील विझला की अजून थांबायचं. आम्ही पोरं ओट्यावर बसून बघायचो. ज्योत खाली जायची, बारीक व्हायची, निळसर व्हायची आणि कुणी फुंकर न मारता जायची. आजोबा काही न बोलता दोरी वर ओढून घ्यायचे.

सातवीत नगर वाचनालयातून नारायण धारप आणले. 'लुचाई' वाचली त्या रात्री मला परड्यात जाववेना. पुस्तकात पेव नव्हतं, पण मी वाचलं ते सगळं आमच्या पेवात घडत होतं.

आता पुढचं. २०२४च्या सप्टेंबरात 'तुंबाड' पुन्हा थिएटरला लागला तेव्हा सांगलीत जाऊन पाहिला. दोर धरून खाली उतरण्याचा प्रसंग आला आणि हात गार पडले. पण त्यातला राक्षस, हस्तर, समोर आला, पूर्ण दिसला आणि माझी भीती उतरली. राहिलं ते कौतुक, की काय काम केलंय या लोकांनी! मग दिवाळीत भाचा आला. त्यानं हेडफोन चढवून 'अम्नेशिया' नावाचा २०१०चा एक गेम लावून दिला. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, त्या गेममधल्या कपाटात दार लावून पाच मिनिटं बसून राहिलो, बाहेर येववेना.

माझं मत होतं की भूत दाखवलं की संपलं. पुस्तक दाखवतच नाही, म्हणून जिंकतं. मग गेम तर चित्रच दाखवतो, तिथं मी एवढा का घाबरलो? तुमचे अनुभव लिहा.


वाईची लेक · रविवार, रात्री ११:०५

दादा, पेवाचं वाचून अंगावर काटा आला.

पण 'तुंबाड'बद्दल तुमच्याशी सहमत नाही. हस्तर दिसला म्हणून भीती गेली असं म्हणताय, पण त्या सिनेमाची भीती हस्तरमध्ये आहे कुठे? ती नायकात, विनायकमध्ये आहे. शेवट आठवा. सोनं काढताना हस्तरला गुंतवायला एक कणकेची बाहुली पुरते हे बापलेकांना माहीत असतं, तरी जास्त सोन्याच्या हावेनं ते एकदम ढीगभर बाहुल्या घेऊन उतरतात. मग जितक्या बाहुल्या, तितके हस्तर. तिथं राक्षस लपवून कसं चालेल? तो मोजता आलाच पाहिजे. माणसाची हाव डोळ्यांनी मोजता यावी म्हणून तो दाखवलाय.

आणि पाऊस. अख्ख्या सिनेमात तुंबाड गावात ऊन पडत नाही. त्या पावसासाठी ही मंडळी अनेक पावसाळे थांबून शूट करत राहिली. आमच्या वाईत आषाढात आठ-आठ दिवस झड लागते तेव्हा जुन्या वाड्यांच्या भिंतींना जो वास येतो ना, तो मला पडद्यावरून आला. हे पुस्तक करू शकलं असतं का? कदाचित. पण सिनेमानं केलं हे खरं.


निशाचर सातारा · रविवार, रात्री ११:२०

पेवाचा फोटो टाका ना काका.


संगमघाट · रविवार, रात्री ११:२४

नाही रे, फोटो कधी काढलाच नाही. २००५च्या महापुरात हरिपूर-सांगलीवाडीची बरीच पेवं पाण्यानं गेली, त्यात आमचंही गेलं. नंतर भराव टाकून बुजवलं.

वाईच्या ताई, बाहुल्यांचा मुद्दा पटला. या अंगानं मी पाहिलंच नव्हतं.


पिक्सेलवाला (विश्रामबाग) · सोमवार, सकाळी ८:१०

काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या गेमच्या रचनेतच आहे. मी गेली आठ वर्षं पुण्यात याच धंद्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'अम्नेशिया'त हातात शस्त्र नाही. कंदील आहे आणि कंदिलात तेल मोजकं. अंधारात उभं राहिलात की पात्राचं मन ढळायला लागतं, पडदा हलतो, दातांचे आवाज येतात. म्हणून उजेडात जावं तर राक्षसाला तुम्ही दिसता. आणि खरी गंमत पुढे आहे : राक्षसाकडे बघत राहिलात तरी मन ढळतं. म्हणजे गेम तुम्हाला राक्षस दाखवायला तयार आहे, बघायला तुम्हीच तयार होत नाही. तुम्ही स्वतः मान फिरवता, भिंतीकडे तोंड करून उभे राहता. पुस्तकात जे लेखक झाकतो ते इथं खेळणारा आपल्या हातानं झाकतो. तुमच्या आजोबांच्या कंदिलाचंच आहे की हे! उतरायचं तर उजेड हवा, आणि तो उजेड विझणार हे माहीत आहे.

त्याच गेममध्ये पाणी भरलेलं तळघर आहे. तिथला राक्षस अजिबात दिसत नाही. पाण्यावर फक्त पावलं उमटतात, छप्‌ छप्‌, आणि ती तुमच्याकडे येतात. तुम्ही खोक्यावरून खोक्यावर उड्या मारत जायचं. गेम सगळं दाखवतो हे म्हणूनच तितकंसं खरं नाही.

दुसरं असं की सिनेमाची गती दिग्दर्शकाच्या हातात असते. तुम्ही डोळे मिटले तरी सिनेमा पुढे सरकतो, प्रसंग संपतो, सुटका होते. गेममध्ये डोळे मिटले तर काहीच घडत नाही, दार उघडायला तुम्हालाच जावं लागतं. तुम्ही कपाटात पाच मिनिटं बसलात ना? सिनेमात ती पाच मिनिटं कुणी तुम्हाला दिलीच नसती.


गुर्जी (कऱ्हाड) · सोमवार, सकाळी ९:४५

पिक्सेलवाले, छान समजावलंत. मला गेममधलं काही कळत नाही, पण गती कुणाच्या हातात हा मुद्दा वर्गात शिकवण्यासारखा आहे.

माझी भर. रूपांतरात गोष्ट लहान होते असंच दर वेळी नाही, कधीकधी रूपांतरच मूळ होऊन बसतं. ड्रॅक्युला उन्हानं मरतो हे आज शेंबडं पोरही सांगेल. पण स्टोकरच्या १८९७च्या कादंबरीत ड्रॅक्युला भर दिवसा लंडनच्या रस्त्यावर फिरतो. दिवसा त्याची ताकद कमी होते एवढंच. उन्हानं मरणं आलं ते १९२२च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटातून. तो सिनेमा परवानगी न घेता केलेला होता. स्टोकरच्या पत्नीनं खटला भरला आणि कोर्टानं सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. काही प्रती वाचल्या म्हणून आज आपण तो पाहतो. म्हणजे जाळून टाकायच्या लायकीचा ठरलेला सिनेमा जगाला राक्षस मारायचा नियम देऊन गेला.

फ्रँकेनस्टाइनचंही तेच. १८१८च्या पुस्तकातला तो जीव मिल्टन वाचतो, पानंच्या पानं बोलतो, आपल्या निर्मात्याला जाब विचारतो. १९३१च्या सिनेमात त्याचं बोलणंच काढून घेतलं. आज कुणीही त्याचं चित्र काढायला बसलं की तो सिनेमातलाच मुका चेहरा येतो.


वाचनवेडी मिरज · सोमवार, दुपारी १:३०

गुर्जींच्या मुद्द्याला उलटं उदाहरण देते. स्टीफन किंगचं 'द शायनिंग' १९७७चं, कुब्रिकचा सिनेमा १९८०चा. किंगला सिनेमा आवडला नाही हे त्यानं उघड सांगितलं. कारण पुस्तकातला बाप हळूहळू बिघडत जातो, त्याच्याशी आपलं नातं जुळलेलं असतं. सिनेमातला पहिल्याच प्रसंगात बिघडलेला वाटतो. पुस्तकात हॉटेलच्या बॉयलरचा स्फोट होऊन सगळं आगीत जातं, सिनेमात बाप बर्फात गोठून मरतो. पुस्तकात झुडपं कापून केलेले प्राणी हलायला लागतात, सिनेमात त्यांच्या जागी चक्रव्यूह आला. हलणारे झाडाचे प्राणी त्या काळी पडद्यावर हास्यास्पद दिसले असते, तेव्हा मला तो बदल शहाणपणाचा वाटतो. पुढे १९९७ साली किंगनं स्वतः पटकथा लिहून टीव्हीवर पुस्तकाशी प्रामाणिक आवृत्ती आणली. आज लोक कुठली बघतात? कुब्रिकचीच.

तरी मला पुस्तकच जास्त प्रिय आहे. त्या बापासाठी मी रडले होते. सिनेमा पाहताना फक्त घाबरले.


निशाचर सातारा · सोमवार, दुपारी २:१५

किंगचा विषय निघालाच आहे तर बोलतो. धारपांचं एवढं कौतुक चाललंय, पण 'लुचाई' म्हणजे किंगचं 'सेलम्स लॉट' आणि 'शपथ' म्हणजे 'इट' हे आता सगळ्यांना माहीत आहे. 'तुंबाड'ची आजीसुद्धा तिकडूनच आलेली. मग यात मराठी काय? उचललेल्या गोष्टीला कोकणाचा पाऊस लावला, झालं.


वाईची लेक · सोमवार, दुपारी २:५०

निशाचर, माहिती बरोबर आहे, निष्कर्ष नाही.

आजीचाच प्रवास बघ. किंगची एक कथा आहे 'ग्रॅमा', १९८४ची. अकरा वर्षांचा मुलगा अंथरुणाला खिळलेल्या, विचित्र आजीबरोबर घरात एकटा. धारपांनी त्यावरून मराठीत 'आजी' लिहिली. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं ती गोष्ट दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना तोंडी सांगितली आणि तिथं 'तुंबाड'चं बी पडलं, हे त्यांनी स्वतः सांगितलंय. म्हणजे गोष्ट छापील इंग्रजीतून छापील मराठीत आली, तिथून जंगलात रात्री कुणाच्या तरी तोंडात, आणि पंचवीस वर्षांनी पडद्यावर. नाव आलं श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून, जिचा या कथेशी काही संबंध नाही. या प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी आपलं काहीतरी त्यात घातलंय. किंगच्या गोष्टीत सोनं नाही, देवीचा गर्भ नाही, कणकेची बाहुली नाही.

'सेलम्स लॉट'सुद्धा ड्रॅक्युला अमेरिकेच्या छोट्या गावात आला तर, या विचारातूनच निघालं. मग किंगनेही उचललंच की.


निशाचर सातारा · सोमवार, दुपारी ३:०५

ताई, तोंडी सांगितल्याचं माहीत नव्हतं. ते भारीच आहे. पण धारपांच्या पुस्तकावर मूळ कथेचा उल्लेख ठळक असायला हवा होता, हे माझं म्हणणं कायम.


वाचनवेडी मिरज · सोमवार, दुपारी ३:२०

श्रेय द्यायला हवं होतं, यावर मी निशाचरबरोबर आहे. पण आमच्या पिढीला इंग्रजी येत नव्हतं. मिरजेच्या वाचनालयात धारपांच्या पुस्तकांची पानं गळालेली असायची, एवढी ती फिरायची. रात्री एकटीनं वाचण्याची सवय मला त्यांनी लावली, आणि ती आजही आहे.


माणदेशी (आटपाडी) · सोमवार, रात्री ८:४०

मंडळी, दिवसभर वाचत होतो. हस्तर या नावाबद्दल एक गोष्ट सांगायचीय, माझ्या जिव्हाळ्याची आहे.

किंगच्या त्या 'ग्रॅमा'त आजीला झोपवायला 'हस्तूर'चं नाव घेतात. 'तुंबाड'मध्येही हस्तरचं नाव घेतलं की आजी झोपते. नाव किंगचं नाही. त्याच्या आधी भयकथाकार लव्हक्राफ्टनं १९३१ साली छापलेल्या एका कथेत ते घेतलं, त्याच्या आधी १८९५ साली रॉबर्ट चेंबर्स या लेखकानं, आणि सगळ्यांच्या आधी १८९१ साली अँब्रोज बिअर्स या अमेरिकी लेखकानं, 'हाइता द शेपर्ड' या छोट्याशा कथेत. तिथं हस्तूर कोण आहे माहीत आहे? मेंढपाळांचा देव. आणि प्रेमळ देव. पोरगा रोज सकाळी त्याला हात जोडून मेंढरं घेऊन निघतो. पूर येतो तेव्हा म्हणतो, देवा, मला डोंगर जवळ दिलास, मी नि माझी मेंढरं वाचू, पण बाकीच्या जगाचं तूच बघ.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी उठून बाहेर जाऊन उभा राहिलो. आमची मेंढरं होती. आजा आरेवाडीच्या बनात बिरोबाला जायचा. मेंढपाळाचा देव लोकांच्या हातातून फिरत फिरत पन्नासेक वर्षांत राक्षस झाला. कुणी मुद्दाम केलं नाही. एकानं नाव घेतलं, दुसऱ्यानं गाव समजून वापरलं, तिसऱ्यानं नुसतं यादीत घातलं, चौथ्यानं त्याला शेपटं-सोंडा लावल्या.

आणि अजून एक. तुम्ही पुस्तक, पडदा, गेम म्हणताय, पण आमच्याकडं याच्या आधीचं एक हाय. धनगरी ओवी. रात्री ढोल थांबला की 'सुंबरान मांडिलं' म्हणून सुरुवात होते. बिरोबाची कथा गातात, मग थांबून बोलीत सांगतात, मग पुन्हा गातात. मागचे झील धरतात. लहानपणी मला भ्या वाटायचं ते कथेचं नाही, तर गाणं थांबून बोलणं सुरू व्हायच्या मधल्या क्षणाचं. समदी गप. नुसती शेकोटी. तो क्षण किती लांबवायचा हे गाणारा आमच्या तोंडाकडं बघून ठरवायचा.


संगमघाट · सोमवार, रात्री ९:१५

माणदेशी, तुमचं लिहिणं तीन वेळा वाचलं. 'बाकीच्या जगाचं तूच बघ.' २००५ला आणि २०१९ला आम्ही माळ्यावर बसून पाणी मोजत होतो. आमच्या जवळ डोंगर नव्हता.


गुर्जी (कऱ्हाड) · सोमवार, रात्री ९:३०

माणदेशी, बहोत खूब. फक्त एक सावधगिरी : हस्तूर आणि बिरोबा यांचं नातं आहे असं कुणी यातून समजू नये. बिअर्सनं ते नाव आपल्या कल्पनेनं घडवलेलं आहे. हा योगायोग सुंदर आहे आणि योगायोग म्हणूनच सुंदर आहे.


माणदेशी (आटपाडी) · सोमवार, रात्री ९:४२

अगदी बरोबर गुर्जी. नातं न्हाई. पण मेंढरं राखणाऱ्या माणसाला उघड्यावर रात्री जे वाटतं ते कुठंही सारखंच असणार, एवढंच मला म्हणायचं होतं.


उसाचा फड (वाळवा) · मंगळवार, पहाटे ५:१०

रात्रपाळीची लाईट होती, आत्ता दारं धरून आलो. चहा ठेवलाय, तोवर लिहितो.

'लपाछपी' कुणीच काढला नाही? विशाल फुरियांचा, २०१७ला आला. पूजा सावंत आहे. गरोदर बाई, उसाच्या मधोमध घर, बाहेर पडायला वाट नाही. हिंदीत त्यांनीच पुन्हा 'छोरी' केला २०२१ला. आमच्या घरच्यांनी दोन्ही बघितले. मला मराठीच आवडला. भुतापेक्षा त्या घरातली माणसं पोटातल्या पोरीबद्दल काय ठरवून बसलीत त्याची भीती जास्त, आणि ती आपल्या गावाकडची भीती आहे, बाहेरून आणलेली न्हाई.

पण उसातल्या माणसाला विचाराल तर सिनेमावाल्यांनी ऊस डोळ्यांनी वापरला. उसाची भीती कानाची. रात्री दोनला तुम्ही सरीच्या तोंडाशी खोरं घेऊन उभे. बॅटरी मारली तर दोन सऱ्यांच्या पलीकडं काही दिसत न्हाई, नुसता पाला. पाणी सरीतून आत जातंय त्याचा बारीक आवाज येत असतो. पाचट भिजतं, चरचरतं. त्या आवाजावरनं कळतं पाणी कुठवर पोचलं. आणि मग मधेच आवाज थांबतो. उंदराच्या बिळात पाणी गेलं असेल, बांध फुटला असेल, मोटर बंद पडली असेल. आत जाऊन बघायला लागतं. आणि आमच्या भागात आता बिबट्या हाय. ऊसतोडीला दर हंगामात कुठं ना कुठं बिबट्याची पिल्लं सापडतात. म्हणून आधी बॅटरी विझवायची आणि उभं राहून ऐकायचं. उजेडात कान चालत न्हाईत, हे शहरच्या माणसाला सांगून पटत न्हाई.

त्या पाण्यातल्या न दिसणाऱ्या राक्षसाचं वाचलं वर. तो गेम करणाऱ्यानं कधीतरी रात्री पाणी पाजलं असणार.


पिक्सेलवाला (विश्रामबाग) · मंगळवार, सकाळी ८:३०

उसाचा फड, दादा, हे मी आज ऑफिसात वाचून दाखवणार आहे. आवाज थांबणं हे आमच्या कामातलं फार मोठं हत्यार आहे. १९९९च्या 'सायलेंट हिल'मध्ये खिशात बिघडलेला रेडिओ असतो. राक्षस जवळ आला की तो खरखरतो. खरखर नसेल तेव्हाच जास्त भीती वाटते.

त्याच गेमचं धुकं प्रसिद्ध आहे. ते कलेसाठी सुरू झालंच नाही. त्या काळच्या प्लेस्टेशनला लांबचा रस्ता, घरं एकदम काढून दाखवणं झेपत नव्हतं, म्हणून धुक्यानं लांबचं सगळं झाकून टाकलं. यंत्राच्या अडचणीतून आलेलं धुकं त्या गेमची ओळख झालं. २००६ला सिनेमा आला तेव्हा त्यांना तसली काही अडचण नव्हती, तरी धुकं ठेवावंच लागलं. धुक्याशिवाय ते गाव कुणी ओळखलंच नसतं. १९९६च्या 'रेसिडेंट ईव्हिल'मध्येही असंच. दार उघडताना पडदा काळा होऊन नुसतं दार हळूहळू उघडताना दिसतं. पुढची खोली लोड व्हायला वेळ लागायचा, तो झाकायला केलेली युक्ती. पण खेळणाऱ्याला वाटायचं, दारापलीकडं काय असेल.


निशाचर सातारा · मंगळवार, सकाळी ९:००

धुक्याचं ऐकून कासचा रस्ता आठवला. ऑगस्टमध्ये पहाटे गाडीवरून गेलो होतो, हेडलाइटचा उजेड धुक्यावर आपटून परत तोंडावर यायचा. पुढचं वळण कुठं आहे ते दिसेना, थांबावं तर मागून एसटी येईल ही भीती. मी 'सायलेंट हिल' तीन वेळा संपवलाय, पण त्या दिवशी खरोखर उतरून गाडी हातानं ढकलत नेली.

एक विचारायचं होतं, आपल्या मातीतला गेम आहे का?


पिक्सेलवाला (विश्रामबाग) · मंगळवार, सकाळी ९:२५

भुताचा म्हणशील तर मनासारखा नाही. पण २०२०चा 'राजी' बघ, पुण्यातल्याच नॉडिंग हेड्सनी केलेला, पुराणकथांवरचा. खूप देखणा आहे.

पोलंडचं उदाहरण मला नेहमी छळतं. सापकोव्स्कीनं १९८६ साली एका मासिकात 'विचर'ची पहिली गोष्ट छापली, त्यांच्याकडच्या लोककथेतल्या स्त्रिगा नावाच्या भुतावर. २००७ला त्यावर गेम आला, २०१५च्या तिसऱ्या भागानं जग जिंकलं, आणि मग जगभर त्या पुस्तकांची भाषांतरं खपली. आपल्याकडे काय कमी आहे? मुंजा, आसरा, खवीस, हडळ, वेताळ, चकवा. प्रत्येकाची जागा ठरलेली, वेळ ठरलेली, काय केलं की तो येतो आणि काय केलं की जातो हे ठरलेलं. गेमला हेच तर लागतं. नियम आजीनं घालूनच ठेवलेत. नुसता चकवा घ्या. ओळखीचा रस्ता, तीच बाभळ पुन्हा पुन्हा येते. चकव्यात सापडल्यावर आजी काय सांगायची? चालू नको, जागेवर बस, उजाडू दे. आता असा गेम विचार करा ज्यात जिंकायचं तर बसून राहायचं. मी तीन वर्षं वहीत लिहून ठेवलंय. करणार आहे.


वाचनवेडी मिरज · मंगळवार, सकाळी १०:१०

कराच. आणि ते 'मुंज्या'सारखं विनोदी करू नका हो. २०२४चा तो सिनेमा मला आवडला, मुलांना घेऊन पाहिला, पण मुंजा हा मुळात केवढा दुःखाचा विषय आहे. मुंज झालेला, सोडमुंज न झालेला पोरगा, पिंपळावर अडकलेला. रत्नाकर मतकरी असते तर त्यावर चार पानी कथा लिहून रात्रभर जागवलं असतं त्यांनी. त्यांची 'खेकडा' वाचून मी आठवडाभर कुणाच्या चालण्याकडे बघू शकले नव्हते.


नाट्यपंढरीचा पाईक (सांगली) · मंगळवार, दुपारी ४:००

उशिरा आलो. पडदा आणि गेम बोलताय, पण सांगलीच्या धाग्यावर रंगभूमीचं नाव कुणी काढलं नाही याचं वाईट वाटलं.

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं 'सीतास्वयंवर' केलं. त्या परंपरेतल्या नाटकांत तोंड रंगवलेला राक्षस अशा काही आरोळ्या ठोकत यायचा की पुढे त्या नाटकांना 'अललडुर्र' हेच नाव पडलं. नंतरच्या शिकलेल्या लोकांनी तो शब्द हेटाळणीनं वापरला. मला तो अभिमानाचा वाटतो. मराठी नाटकाच्या जन्मापासून राक्षस आपल्यासोबत आहे.

आणि संगमघाट, 'दाखवलं की संपलं' हे नाटकाला लागू नाही. मी चाळीस वर्षांपूर्वी राक्षसाचं काम केलंय, गावच्या जत्रेत. चेहरा मला रंगवणाऱ्या माणसानं सगळ्यांच्या समोर रंगवला होता. पुढच्या रांगेतल्या पोरांनी मला आधी धोतरात, विडी ओढताना पाहिलेलं. तरी मी आरोळी देऊन आलो तेव्हा तीच पोरं आयांच्या पदरात शिरली. कारण मी आणि ती पोरं एकाच मातीवर उभे होतो, मधे काच नव्हती. मी ठरवलं असतं तर खाली उतरू शकलो असतो.


गुर्जी (कऱ्हाड) · मंगळवार, दुपारी ४:३५

'मधे काच नव्हती.' पाईकबुवा, हे मी लिहून घेतलं.


वाईची लेक · मंगळवार, संध्याकाळी ६:००

मग सिनेमाला काच आहे, पुस्तकाला नाही, आणि गेमला आहे पण तिचं दार तुमच्या हातात आहे, असं काहीसं म्हणता येईल का? पण थिएटरात अंधारात चारशे माणसं एकदम श्वास रोखतात तेव्हा मला तरी काच जाणवत नाही. 'तुंबाड' मी घरी मोबाईलवर पाहिला तेव्हा कथा कळली, २०२४ला थिएटरात पाहिला तेव्हा भीती कळली. काका, तुम्ही सिनेमा कुठल्या रांगेत बसून पाहिलात?


संगमघाट · मंगळवार, संध्याकाळी ६:२०

मागून दुसऱ्या. शेजारी दोघं सतत मोबाईल उघडत होते, त्याचा उजेड यायचा. तुमच्या प्रश्नानं आता शंका येतेय की हस्तर लहान झाला तो त्या उजेडानंच.


संगमघाट · शनिवार, रात्री ११:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. मी मत बदललं आहे. दाखवण्या-न दाखवण्याचा हा प्रश्नच नव्हता. पिक्सेलवाले, माणदेशी, पाईकबुवा, तिघांनी आपापल्या परीनं एकच गोष्ट सांगितली, की थांबायचं कधी हे कुणीतरी समोरच्याच्या तोंडाकडे बघून ठरवलं पाहिजे.

म्हणून आज करून पाहिलं. भाचा दोन दिवसांसाठी आलाय. संध्याकाळी वळीव झाला आणि लाईट गेली. ओट्यावर बसून त्याला धारपांची 'आजी' मोठ्यानं वाचून दाखवली, मेणबत्तीवर. आधी तो पाय हलवत बसला होता. दोन पानांनी पाय थांबले. माणदेशींनी सांगितलं तसं एका ठिकाणी मी पुस्तक मांडीवर ठेवून गप्प बसलो. त्याच्याकडे बघत राहिलो. पागोळ्या पडत होत्या. तो म्हणाला, "मामा, पुढं वाच ना," पण आवाज बारीक होता.

कथा संपल्यावर त्यानं विचारलं, आपलं पेव कुठं होतं? परड्यात घेऊन गेलो. आता तिथं पपईचं झाड आहे, भरावाची जागा जरा खचलेली, त्यात पावसाचं पाणी साचलं होतं. त्याला कंदिलाची गोष्ट सांगितली, ज्योत कशी निळी होऊन जायची ते. तो त्या पाण्याकडे बघत उभा राहिला. हातात मोबाईलची बॅटरी चालू होती. उसाचा फड यांनी लिहिलेलं मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं. त्यानं आपण होऊन बॅटरी बंद केली आणि मला म्हणाला, "मामा, बोलू नकोस. ऐक."